बांधावरचा कणकेचा गोळा

फटाक्यांचा जळका वास आला की मला दुष्काळी भागातल्या वाशी गावाजवळच्या डोंगरावरची एक सकाळ आठवते. लांडग्यांचे फोटो काढायला मी आणि माझा मित्र तिथे तंबू ठोकून राहिलो होतो. उजाडताना एक लांडगीण उतारावरून ज्वारीच्या बांधाकडे आली. मी फोटो घेत होतो. तिने बांधावरचा कणकेचा गोळा तोंडात धरला, चावला आणि मोठा स्फोट झाला. रानडुकरं मारायला कुणीतरी कणकेत फटाक्याची दारू भरून ठेवली होती. धूर विरला तेव्हा तिचा खालचा जबडा उरला नव्हता. ती जिवंत होती आणि उठायचा प्रयत्न करत होती. आवाज ऐकून एक म्हातारा मेंढपाळ कुऱ्हाड घेऊन धावत आला. "हिनंच माझी कोकरं नेली," तो म्हणाला. मित्र आडवा आला. "बाबा, थांबा. वनखात्याला फोन लावतो." "ते येस्तवर दुपार व्हईल. तवर हिनं असंच तडफडायचं व्हय?" मग त्याने माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "काढा फोटू. गोळा ठिवनारा बसंल घरी, अन् लांडगा मारला म्हनून म्या जाईन आत." मित्र बाजूला झाला. मी कॅमेरा बंद केला. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला, दुसऱ्याने मान तुटली. म्हाताऱ्याने कुऱ्हाड गवतावर पुसली आणि तो मेंढ्यांकडे परत गेला. स्फोटाचे फोटो पुढे छापून आले. लांडगीण कशाने मेली असं लोक अजून विचारतात, आणि मी सांगतो, स्फोटाने.