पेन्सिलीचा शेरा

आमचे मोठे साहेब कुणाच्याही मसुद्यावर पेनने लिहीत नसत. कारण विचारलं तर म्हणत, "गलती तो सबसे होती है मैडम, उम्र भर कागज पर क्यों रहे?" ते समासात पेन्सिलीने शेरा मारायचे. आपण तशी दुरुस्ती करायची, खोडरबराने समास स्वच्छ करायचा आणि कागद पुढे पाठवायचा. मी नाशिकहून लखनौच्या त्या ऑफिसात आले तेव्हा माझं हिंदी दिव्य होतं. पहिल्या वर्षभरात त्यांनी माझे कितीतरी कागद असे गुपचूप सुधारले आणि कौतुक मात्र माझं होऊ दिलं. मी तशी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. त्यांचं मात्र निमूट ऐकायचे.

त्यांच्या हाताखालचे धाकटे साहेब वेगळ्याच मातीचे. त्यांचा डोळा वरच्या खुर्चीवर आहे हे शिपायालाही ठाऊक होतं. हेड ऑफिसातून कुणी येणार म्हटलं की चारबाग स्टेशनवर हे अर्धा तास आधीच हजर, आणि पाहुण्यांना चिकनकारीचे कुर्ते घ्यायला अमीनाबादच्या बाजारात नेणारेही हेच.

एकदा त्यांनी जुनं दफ्तर तळघरात हलवण्याचा प्रस्ताव माझ्याकडून लिहून घेतला. मोठ्या साहेबांनी खाली सही केली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, तळघरात ओल आहे, आधी तपासणी करा, तोवर काहीही हलवू नका. दुसऱ्या दिवशी ते मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले. धाकटे साहेब माझ्याकडे आले. "जाँच हो गई, मैडम. फाइल साफ करके दीजिए." मी सवयीने रबर फिरवला. चार पायऱ्या उतरून स्वतः बघायला काय झालं होतं मला? नाही बघितलं. समास कोरा झाला आणि खाली उरली ती फक्त मोठ्या साहेबांची सही.

दोन महिन्यांत तळघराच्या भिंतींतून पाणी झिरपलं आणि दफ्तराचा लगदा झाला. चौकशी लागली. धाकटे साहेब हळहळत सगळ्यांना सांगत होते, मंजुरी तर मोठ्या साहेबांनीच दिली होती. मोठे साहेब एवढंच म्हणाले, "दस्तखत मेरे हैं."

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी ती फाइल पानांना नंबर घालायला माझ्याकडे आली. मी तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरला. साहेबांचा हात भलता जड. शिसं गेलं होतं, पण अक्षरं कागदात रुतून बसली होती. शेरा पुरता वाचता येत होता. मला हायसं वाटलं. साहेब सुटले! मग डोक्यात दुसरा प्रश्न आला. हे खोडलं कुणी, असं विचारतील तेव्हा? माझा नाशिकच्या बदलीचा अर्ज धाकट्या साहेबांच्या टेबलावर होता. तिकडे आई एकटी. रोज फोनवर तिचं एकच, "कधी येतेस गं?"

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "बड़े साहब ने मना किया था क्या?" शेजारी धाकटे साहेब चहा ओतत होते.

"सर, जो है, फाइल में है," मी म्हणाले.

खोटं नव्हतंच ते. म्हणून तर आजही त्या वाक्याची मला शिसारी येते.

मोठ्या साहेबांना निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कुठल्याशा आडगावी पाठवलं. निरोप समारंभात समोसे होते, शाल होती, आणि सगळ्यांत लांब भाषण धाकट्या साहेबांचं होतं. ते ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागवायचा हक्क मला कुठे उरला होता?

सगळे पांगल्यावर मी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते ड्रॉवर रिकामे करत होते.

"सर, वह पेन्सिल वाला नोट... मैंने ही मिटाया था."

"जानता हूँ," ते म्हणाले. "मेरा हाथ भारी है. मैंने वह कागज खिड़की पर देखा था."

"फिर दिखाया क्यों नहीं, सर?"

"दिखाता तो पूछते, किसने मिटाया. और मिटाना तो आपको मैंने ही सिखाया था न."

मी रडायला लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि मी शांत होईपर्यंत ड्रॉवरमधले कागद लावत बसले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "माताजी कैसी हैं? आपका ऑर्डर आया?"

बदलीची ऑर्डर त्याच दिवशी सकाळी आली होती. माझ्या पर्समध्ये होती.

"आ गया, सर."

"अरे वाह!" ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता. "चलिए, यह तो बहुत अच्छा हुआ."