इंदुमतीबाईंची थकलेली वर्गणी

इंदुमतीबाईंना आजवर कुणी एका रुपयाने फसवलेलं नाही. हे मी सांगत नाही, त्या स्वतः सांगतात, आणि त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. पस्तीस वर्षं गणिताच्या बाई. आता वय एकोणऐंशी. गुडघा दुखतो, पण "आता किती दिवस उरलेत?" म्हणून ऑपरेशन टाळतात. त्याच गुडघ्यावर अरेरा कॉलनीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला, करोंद मंडीत, स्वस्त गहू घ्यायला मात्र जातात.

त्यांच्याकडे पुण्याचं एक मासिक येतं. त्यांचं वाचून झालं की ते इथल्या हिंदी मुलखातल्या आम्हा सात मराठी घरांत फिरतं. चार वर्षांपूर्वी वर्गणी संपली, तेव्हा त्यांनी मला युक्ती शिकवली होती. "लगेच भरायची नाही. अंक बंद होऊ द्यायचा. मग मासिकवालेच सवलतीचं पत्र पाठवतात."

पण अंक काही बंद होईना.

गेल्या मंगळवारी त्यांनी मला बोलावलं. मी नाटकांत जन्मभर राजे केले, म्हणून त्यांच्यासाठी मी अजून राजेच.

"राजे, मी चोर आहे."

"अहो, काय झालं?"

"चार वर्षं फुकट वाचतेय! मी सवलतीची वाट बघतेय आणि ती बिचारी माणसं अंक पाठवतायत. आज सगळी थकबाकी भरून टाकते."

भर दरबारात संवाद विसरलेल्या नटासारखा मी छताकडे बघू लागलो. प्रत्येक अंकात 'वर्गणी संपली असल्यास त्वरित भरा' अशी गुलाबी चिठ्ठी असायची. सवलतीची वाट बघता बघता बाई भरायचंच विसरल्या असतील, विचारलं तर ओशाळतील, म्हणून मीच तीन वर्षांची वर्गणी त्यांच्या नावाने गुपचूप भरली होती.

"भरण्याआधी फोन तर करा," एवढंच मी म्हणालो.

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची वर्गणी डिसेंबर बेचाळीसपर्यंत भरलेली आहे. सात जणांनी, तीन-तीन वर्षांची. अंकाच्या वेष्टनावर, पत्त्याखाली छापलेलं असतं बघा. पैसे परत करता येत नाहीत हं."

बाई वेष्टन कधी टाकत नाहीत. कापून कोऱ्या बाजूवर बाजाराच्या याद्या करतात. त्यांनी फ्रिजवरची यादी ओढून काढली. पुढे जिरं, तूरडाळ, साबण. मागे डिसेंबर २०४२.

बाईंनी बोलावलं आणि संध्याकाळी सातही घरं त्यांच्या बैठकीत हजर झाली. शाहपुऱ्याचा गिरीश चाचरत म्हणाला, "काकू, आम्हाला वाटलं तुम्ही विसरलात. पूछने में संकोच वाटला."

"संकोच! अरे, एकवीस वर्षांचा संकोच? आणि राजे, तुम्हीसुद्धा?"

मी मान खाली घातली. अभिनय अजिबात नव्हता.

त्यांनी तिथेच हुकूम काढला. यापुढे वेष्टन अंकाच्या मुखपृष्ठावर चिकटून फिरेल, आणि तारीख न वाचता पैसे भरणाऱ्याला अंक मिळणार नाही. मग डोळे पुसत, ओठ हलवत त्या काहीतरी मोजू लागल्या.

"शहाण्णव," त्या म्हणाल्या.

"काय शहाण्णव?"

"बेचाळीस साली माझं वय. गिरीश, उद्या त्या गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ घे. भरलेले पैसे वाया घालवायची माझी रीत नाही."