कव्हरवरचं कुंकू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझे वडील ज्या रेडिओची वाट बघत बसलेत, तो नगरच्या कुठल्याही दुकानात दुरुस्तीला पडलेला नाही. तो त्यांच्याच मांडीवर आहे. तो आपला नाही असं त्यांना वाटतं, आणि ते माझ्यामुळं.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. राहुरीच्या पुढं आमचं गाव. तिथं थोरला भाऊ शेती बघतो, आण्णा त्याच्याजवळ असतात, आणि मी नगरला, नोकरीच्या नावाखाली. आण्णा पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या वावरात कधी सोडायचं, ते बघायचं काम. पाटाच्या कडेनं हिंडताना खांद्याला रेडिओ असायचाच. विटेएवढा, चामड्याच्या कव्हरात, पुढं आवाजासाठी भोकांची जाळी, वरच्या पट्टीला टिच बटण. लांबून गाणं ऐकू आलं की लोक म्हणायचे, पाटकरी आले, बारं धरा, म्हणजे वावरात पाणी घ्यायला लागा. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यापासून आण्णा खाटेवर असतात. स्टेशन आता धड लागत नाही. ते खरखर ऐकत बसतात.

गेल्या पावसाळ्यात मला ते कव्हर बघवेना. एकेकाळचं गुळाच्या रंगाचं चामडं वाळक्या भाकरीसारखं पांढुरकं पडलं होतं, कडा फुगल्या होत्या. खरं बोलायचं तर आण्णांशी काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही. रविवारी जायचं, चहा प्यायचा, गोळ्या घेता ना म्हणून विचारायचं आणि परतीच्या एसटीकडं डोळे लावायचे. त्यापेक्षा रेडिओ नगरला नेणं सोपं होतं.

"आण्णा, कव्हर नवं करून आणतो."

"नवं कशाला? हाय ते बरं हाय की."

पण दिला त्यांनी. माझ्याकडून काही मागायची त्यांना सवय नाही, तशी मला 'नाही' म्हणायचीही नाही.

गॅलरीत पेपर अंथरून, मोबाईलवर बघत बघत मी कामाला लागलो. कव्हर उतरवलं, ओल्या फडक्यानं पुसलं, साबणाचा फेस करून धुतलं. बटणाच्या शेजारी एक कडक खपली होती. काळपट तांबडी, मसुराएवढी उंच. तेला-मळाची असणार असं धरून मी ती ब्लेडनं खरवडली. खाली डाग राहिला, तो पॉलिशपेपरनं घासला. मग चामड्याचा रंग, वाळल्यावर दुसरा हात, वरून तेलाचा बोळा. कव्हर असं उजळलं की मला माझंच कौतुक वाटलं. बऱ्याच दिवसांनी वाटलं.

खंडेनवमीला रेडिओ घेऊन गेलो. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पूजतात. वहिनींनी ओसरीवर पोतं अंथरून खुरपी, विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप मांडला होता. माझ्या हातातला रेडिओ बघून त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यो तर नवरदेव झाला की. वळखू यीना."

आण्णा खाटेवरून म्हणाले, "आन हिकडं. सूनबाई, कुकू लावायची जागा मी दावतो, मग ठेव पोत्यावर."

तेव्हा मला आठवलं. आण्णांचं हत्यार म्हणजे रेडिओ, असं आई म्हणायची. दर खंडेनवमीला तीही त्याला पोत्यावर मांडायची आणि बटणाशेजारी, एकाच जागी, ओल्या बोटानं कुंकू दाबायची. आधीच्या वर्षीचं पुसायचं नाही, त्याच्यावरच लावायचं, हा तिचा नियम. आई जाऊन काही वर्षं झाली. त्याच्याही आधीपासून मी खंडेनवमीला घरी गेलेलो नव्हतो. ज्याला मी मळ समजलो, ते तिच्या बोटानं लावलेलं कुंकू होतं.

आण्णांनी अंगठा बटणाशेजारी नेला. तिथं फिरवला, परत फिरवला. रेडिओ उलटा करून दुसरी बाजू चाचपली. मग कव्हर नाकाशी धरलं.

"आवाज लाव."

मी लावला. खरखर सुरू झाली. ते कान देऊन ऐकत राहिले.

"आवाज त्याच्यावानीच हाय. पन तिचा हात न्हाई ह्याच्यावर. दुसरा आनला व्हय रं?"

तोच आहे म्हणालो असतो, तर तिचा हात कुठं गेला तेही सांगावं लागलं असतं. वहिनी हातात ताट धरून उभ्या होत्या. नगरला मी 'हो' म्हणतो. तिथं तोंडातून 'व्हय' निघालं.

"व्हय, आण्णा. तुमचा दुकानात दिलाय. तो होईस्तोवर हा."

"तरीच म्हनलं," वहिनी म्हणाल्या, आणि कुंकू लावायला वाकल्या. माझं काम इतकं चोख झालं होतं, की त्यांनाही शंका आली नाही.

"ह्याला नगं लावू," आण्णा म्हणाले. "परका हाय."

तेव्हापासून दर रविवारी विचारतात. "झाला का रं?" मी म्हणतो, कारागिराकडं काम लई हाय. "त्याला म्हनावं रेडिओ हाय, धरन न्हाई बांधायचं." मी हसतो. पुढच्या रविवारी, "जिता हाय ना त्यो?" मी परत हसतो.

मी ती खपली करून बघितली. जुन्या चपलेच्या चामड्यावर ओलं कुंकू बोटानं दाबलं, वाळू दिलं, त्यावर परत लावलं. हात लावला की भुकटी होऊन झडतं. आईचं कसं टिकलं, ती त्यात तेल घालायची की आणखी काही, हे विचारायला वहिनीच आहेत, आणि त्यांना विचारलं की त्या विचारणार, कशाला हवंय?

मागच्या रविवारी आण्णांनी विचारलंच नाही. मी चहा संपवला, गोळ्यांचं विचारलं, पिशवी उचलली. तेव्हा म्हणाले, "त्या कारागिराच्या मागं लागू नगं. हरवला असंल तर हरवला असंल." मांडीवरच्या रेडिओचा पट्टा त्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. डोळे असताना पाटाच्या कडेला बसले की धरायचे, अगदी तसाच. हाताला ओळख होती, फक्त अंगठ्याला नव्हती. मी पट्ट्याकडं बघत उभा राहिलो. बोलायला तोंड उघडलं आणि "येतो" म्हणालो.

आण्णांना मी एवढं सांगायचं देणं लागतो: तुमचा रेडिओ तुमच्या हातातच आहे, आणि आईचं कुंकू मी खरवडलं. ते मी अजून सांगितलेलं नाही.