छाट काढताना हसलेली बाई

तो चित्रपट बिघडवला मी, माझ्या मित्रानं नव्हे. निपाणीत अजून उलटंच सांगतात, म्हणून लिहितोय.

बेळगावच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. गोष्ट त्याची, चावीचा कॅमेरा माझ्या मामांचा. मामांची निपाणीत तंबाखूची वखार होती आणि त्याची आई तिथंच बिड्या वळायची. आमचा छोटा मुका चित्रपट तिच्यावरच होता. संध्याकाळी मुकादम बिड्या तपासून खराब म्हणून मूठभर बाजूला काढी, ती छाट. छाटीची मजुरी बाईला मिळत नसे, बिड्या मात्र मालकाकडंच राहत. आईनं त्या ढिगाकडं नुसतं बघत राहायचं, असा शेवट त्यानं लिहिला होता.

मुकादमाला कॅमेऱ्यासमोर बसवलं, तर रुबाब दाखवायला त्यानं रोजच्यापेक्षा जास्तच छाट काढली. मामा दारातून बघत होते.

"हे असलं दावणार? बाई हसताना दाव. न्हाईतर कॅमेरा ठेव आणि चालू लाग."

मित्र रोल आणायला बेळगावच्या खडेबाजारात गेलता. मला कॅमेरा सोडवेना.

"मावशी, हसा जरा."

"छाट काढल्यावर कोण हसतंय रं?"

"तुमच्या लेकानंच बदल केलाय. जाताना सांगून गेलाय."

तिनं ढिगाकडं एकदा बघितलं. मग पदर सावरून हसली.

रोल धुवायला मीच पाठवला, जोडलाही मीच. त्याला काही कळू दिलं नाही.

शाळेच्या खोलीत खिडक्यांना गोणपाट लावून आम्ही तो दाखवला. वखारीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. छाटीवरून तेव्हा त्यांचं मामांशी भांडणच चाललं होतं. पडद्यावर ती हसली, तशी मागून एकजण ओरडली, "हस गं हस! लेक सायेब झाला, तू बी मालकाच्या बाजूची झालीस न्हवं! आमची बी छाट ने जा घरला!"

मित्र उठला. "आये, हसलीस कशाला?"

"तूच सांगितलंस न्हवं?"

"मी न्हाई! सांग की रं हिला!" त्यानं माझी कॉलर धरली.

मामा पुढच्याच खुर्चीत होते.

"तूच म्हणालतास," मी म्हणालो.

त्यानं माझ्या थोबाडीत मारली. आईनं त्याचा हात धरला. "करून सवरून वर त्यालाच मारतोस व्हय?" म्हणाली आणि बाहेर पडली. बायकांनी तिला वाट दिली, सोबत कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वखारीत तिच्याशेजारी कुणी बिड्या वळायचं सूप घेऊन बसेना. तो कॉलेजात परत आला नाही.

कॅमेरा मामांनी मला बक्षीस दिला.