तलावाकाठी बर्फातली मासोळी

साकोलीहून सानगडीकडे जाणारी एस.टी. सुटली आणि माझ्या पायांवर गार पाणी ठिबकू लागलं. शेजारच्या बाईंच्या टोपलीतला बर्फ वितळत होता, त्याखाली मासे होते. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी तलाव बघायला निघालो होतो. तलावांच्या मुलखात मासे बाहेरून नेता का, असं मी हसत विचारलं. त्या हसल्या नाहीत.

त्यांचं नाव पारबताबाई, जातीनं ढिवर (मासेमार). लेकीला पाहायला पावणे (पाहुणे) येणार होते, आणि ढिवराच्या घरी त्यांच्या ताटात मासोळी नसणं म्हणजे नाचक्की. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गावच्या तलावात जाळी टाकली, शिंगाडे लावले. मालगुजारी (जमीनदारी) गेली, तलाव सरकारजमा झाले, मासेमारीचे लिलाव होऊ लागले आणि बाहेरचा ठेकेदार आला. आता काठावर जन्मलेल्या माणसानं गळ टाकला तरी तो चोर! हा कुठला न्याय?

त्यांच्या गावचाच तलाव बघावा म्हणून मीही त्यांच्याबरोबर सानगडीच्या अलीकडे उतरलो. वाट तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) जात होती. पाणी सुरेख होतं, पलीकडे हिरवा धान. काठाला मात्र बेशरमाची झुडपं माजली होती आणि त्यांत फुटके डोंगे (होड्या) पालथे पडले होते.

पाळीवर ठेकेदाराच्या राखणदारानं अडवलं. टोपली उघडायला लावली आणि मासे इथलेच म्हणून ठेवून घेऊ लागला. माझं डोकं भडकलं. मी बर्फ दाखवला, बसचं तिकीट दाखवलं. तो ढिम्म. बर्फ काय, कोणीही टाकतो म्हणे!

"ठेव जी," पारबताबाई म्हणाल्या. "पण पावण्याइले तूच सांग, ढिवराच्या घरी मासोळी काहून नाही ते."

त्यानं टोपलीवरचा हात काढून घेतला.

घरी पावणे आल्यावर पारबताबाईंनी मलाही त्यांच्यासोबत जेवायला बसवलं. पहिल्याच घासाला मुलाचे वडील थांबले.

"हे मासोळी तुमच्या तलावाची नाही."

"नाही जी," पारबताबाई म्हणाल्या. "तलावच आमचा नाही राहिला."

सोयरीक मोडली, असं मला वाटलं. म्हाताऱ्यानं रस्सा भातात कालवला.

"आमच्याकडंबी हेच हाये. म्हून पोरगा चिखल्याच्या मँगनीज खाणीत लावला. पोरगी पसंत हाये आमाले."

घरात आनंदीआनंद झाला. मलाही बरं वाटलं, पण परतीच्या बसमध्ये संताप मावेना. पाण्यावर वाढलेली पोर आता खाणकामगारांच्या वसाहतीत नांदणार, आणि त्याचा आनंद मानायची वेळ तिच्या आईवर आली.

घरी बायकोनं विचारलं, तिथल्या तलावातले मासे कसे लागले? मी म्हटलं, मिळालेच नाहीत. तिथल्या ढिवरांनाही मिळत नाहीत.