चारशे बारावी ओळ

रुग्णालयाच्या संशोधन विभागात तिला सगळे ‘आकडेबाई’ म्हणत. वीस वर्षं संगणकावर तिचं काम एकच: एक ओळ म्हणजे एक रुग्ण, नाव आधीच काढून टाकलेलं. ओळीत आडवं जायचं, दर आठवड्याला रुग्णाने दुखण्याला दहापैकी दिलेल्या गुणांची सरासरी काढायची. तीनपेक्षा जास्त रकाने कोरे असले तर ती ओळ वगळायची.

त्या दुपारी सहा रुग्णालयांतून आलेल्या दुखणं कमी करणाऱ्या एका नव्या औषधाच्या पाहणीचं काम चाललं होतं. वगळलेल्या ओळी ती सहज डोळ्यांखालून घालत होती. चारशे बाराव्या ओळीपाशी नजर अडखळली. जन्मतारीख ताईची. एक मूत्रपिंड लहानपणीच काढलेलं. रुग्णालयात दाखल झाल्याचा दिवसही ताईचाच.

ताईला जाऊन तीन वर्षं झाली होती. ती असल्या पाहणीत होती, हे तिने हिला कधी सांगितलंच नव्हतं.

सात. आठ. नऊ. नऊ. पुढचं सगळं कोरं. त्याच आठवड्यांत ही रोज फोन करायची आणि ताई म्हणायची, “मस्त आहे गं मी. तू तुझं बघ.”

तो आवाज तिची पाठ सोडेना. जिना चढताना, कपडे वाळत घालताना कानाशी यायचा. पडद्यावरचे कोरे रकाने श्वास रोखून बसल्यासारखे वाटायचे. तिसऱ्या दिवशी ती विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“एक ओळ माझ्या बहिणीची आहे. मी ओळखली. हे काम दुसऱ्या कुणाला द्या.”

बाईंनी चष्मा काढला. “देते. एवढंच?”

“नाही. वगळलेल्या एकोणसत्तर ओळी बघा. कोरं पडण्याआधीचे आकडे बघा. बरं वाटलं म्हणून लिहायचं थांबलेले नाहीत हे लोक. पेन धरवेना म्हणून थांबलेत. आणि आपण म्हणतोय, दुखणं निम्म्यावर आलं!”

दुसऱ्या सहकाऱ्याने त्या ओळी धरून पुन्हा सगळं मांडलं. औषधाला गुण होता, पण जेमतेम. वरून कुरबुर झाली, तरी अहवाल बदलला.

तिच्या जिवाला मात्र चैन पडेना. रविवारी ती आईकडे गेली. ओळीबद्दल बोलली नाही. एवढंच विचारलं, “आई, ताईला फार दुखायचं का गं?”

शेंगा सोलणारे आईचे हात थांबले.

“उशीचं टोक दातांत धरून पडायची. तुझा फोन वाजला की उशी बाजूला सारायची, घोटभर पाणी प्यायची, मगच उचलायची.”

“मला का नाही सांगितलंस?”

घरात त्या दोघीच होत्या. तरी आईने, ताई शेवटी जिथे पडून असायची त्या आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“तिनं शपथ घातली होती. हळू बोल.”