कांद्याच्या चित्राची चोरी

रविवारचा पेपर बाबा मोठ्यांदा वाचायचे, आम्ही ऐकतोय की नाही याची फिकीर न करता. नव्वदच्या दशकातल्या अशाच एका रविवारी बातमी होती: परदेशात कुठल्याशा म्युझियममधून जगप्रसिद्ध चित्र चोरीला गेलं.

"काय गाढव चोर आहे!" बाबा म्हणाले. "शेंबडं पोरसुद्धा ओळखेल ते चित्र. विकणार कुणाला?"

मला तो प्रश्न चांगलाच डसला. सोनं वितळवता येतं, गाडीची नंबर प्लेट बदलता येते. चित्राचं काय करायचं? पिंपळगाव बसवंतहून मामा आला होता, तो कांद्याचा व्यापारी. म्हणाला, "दाजी, चोराला एवढंच ठाऊक की माल लय महागाचा हाय. घेताना समदेच शहाणे. गिऱ्हाईक शोधायला निघालं की मग घाम फुटतो."

आई भाजी निवडत होती. "विकायलाच कशाला न्यायला हवं?" ती म्हणाली. "आवडलं असेल त्याला."

आम्ही तिघंही हसलो.

आई स्वतः चित्रं काढायची. माहेरच्या कांदा मार्केटचं तिनं मोठं चित्र केलं होतं: ट्रॅक्टरांची रांग, लाल ढीग, आणि ढिगात हात घालून उभा मामा. मामा एवढा खूश, की त्यानं नक्षीची सागवानी फ्रेम करून दिली. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ते लागलं. तिथे बारशी व्हायची, मीटिंगा व्हायच्या, भांडणं तर विचारूच नका. पण मान वर करून कुणी चित्र बघितलेलं मला आठवत नाही. आईला ते लागायचं. "एकानं तरी विचारावं, कुणी काढलं म्हणून!"

पुढच्या वर्षी एका सकाळी भिंतीवर नुसता खिळा उरला.

बाबा पोलिसांत निघाले, तर आईनं त्यांना अडवलं. "अहो, राहू द्या. नेलं असेल कुणी आवडीनं." शेजारणी हळहळायला आल्या. आईनं सगळ्यांना वेलची घालून चहा पाजला, घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी! कोण असेल, कुठे लावलं असेल, उजेड नीट पडत असेल ना, दिवसभर हेच. मलाही चेव आला. गंगापूर रोडला गेलो की आम्ही मायलेकी बंगल्यांच्या खिडक्यांतून भिंती न्याहाळायचो.

मग एक दिवस वॉचमन गच्चीवर टाकी बघायला गेला आणि चित्र घेऊनच खाली आला. टाकीमागे गुंडाळून टाकलेलं होतं. फ्रेम तेवढी गायब.

बाबांना हसू आवरेना. "हा चोर हुशार निघाला! विकलं जाईल तेवढंच नेलं!"

आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला बाबांचा भयंकर राग आला, आणि बाबांनाही स्वतःचा आला असावा. संध्याकाळी ते तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "अगं, त्याहून भारी फ्रेम करून आणतो."

"फ्रेम नको," आई म्हणाली. "नुसतंच लावा. आता न्यायचं तर चित्रच न्यावं लागेल."

बाबांनी ते साध्या प्लायवर ठोकून त्याच खिळ्याला अडकवलं.

अजून ते तिथेच आहे. हॉलमध्ये शिरली की आई आधी तिकडे बघते, आणि ते जागेवर दिसलं की तिचा चेहरा जरासा पडतो.